लोकसुनावणीत आरोग्याचा मुद्दा मांडायचा तर: नोटिशीपासून इतिवृत्तापर्यंत

बडोद्याच्या आसपास, पादरा तालुका असो की सावली तालुका, रसायनांचा नवा कारखाना यायचा असला किंवा जुन्याला क्षमता वाढवायची असली, की गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे आपलं जीपीसीबी, प्रकल्पाच्या जागेजवळ मंडप घालून पर्यावरणीय लोकसुनावणी घेतं. धूर, वास, बोअरचं पाणी, दमा, कातडीचे आजार यांबद्दल सरकारी अधिकाऱ्यांसमोर कॅमेऱ्यापुढे बोलण्याची ही अधिकृत जागा. लोक तावातावाने बोलतात, टाळ्याही मिळवतात. पुढे इतिवृत्त हातात आलं की त्यात दहा मिनिटांच्या भाषणाची एक ओळ उरलेली दिसते: प्रदूषणाबाबत रजुआत केली, म्हणजे म्हणणं मांडलं. कंपनीचं उत्तरही तेवढंच: सर्व नियमांचं पालन केलं जाईल.

सुनावणीत मतदान होत नाही आणि मंजुरीही तिथे मिळत नाही. मंजुरीचा निर्णय नंतर गांधीनगरला किंवा दिल्लीला, कागद समोर ठेवून होतो. तिथली मंडळी मंडपात नसतात, त्यामुळे तुमचा आवाज चढला होता की नाही हे त्यांना कळत नाही. त्यांना दिसतं ते इतिवृत्त. म्हणून पुढची सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी आहे: तुमचं म्हणणं त्या कागदात पान क्रमांकासकट, मागणीसकट उतरलं पाहिजे.

## १. नोटीस: पहिले तीन दिवस

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते. ती आतल्या पानात, बारीक टायपात असते. सापडली की लगेच तिचा फोटो काढा, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा. मग हे टिपून घ्या: प्रकल्पाचं पूर्ण नाव आणि सर्व्हे नंबर, सुनावणीची तारीख-वेळ-जागा, अहवाल कुठे पाहायला मिळेल, आणि लेखी हरकती कोणाच्या नावे पाठवायच्या.

तपासा: नोटिशीची तारीख आणि सुनावणीची तारीख यांत ३० दिवस भरतात का? भरत नसतील तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या. सुनावणीच्या दिवशी उभं राहून हे सांगितलं तर त्याला तक्रारीपलीकडे वजन राहत नाही.

सावध: 'सुनावणी रद्द झाली' असा निरोप गावात फिरतो. तारीख बदलायची तर ती कलेक्टरांच्या शिफारशीवरून बदलते आणि नवी नोटीस त्याच वर्तमानपत्रांत यावी लागते. ती छापून आलेली दिसेपर्यंत जुनी तारीख धरून चाला.

दोन गोष्टी शहरातल्या वाचकांसाठी. जीआयडीसीच्या, म्हणजे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या, मंजूर वसाहतीतल्या बऱ्याच प्रकल्पांना लोकसुनावणीतून सूट असते, तेव्हा तिथे सुनावणीची वाट बघत बसू नका. आणि नियमाच्या भाषेत सुनावणी ही स्थानिक बाधित लोकांसाठी आहे. बाकीच्या संबंधितांनी म्हणणं लेखी पाठवायचं असतं. रावपुऱ्यात राहत असाल आणि शेत किंवा आईवडील त्या गावात असतील तर ते नातं पहिल्याच वाक्यात सांगा. काहीच संबंध नसेल तर माइकसाठी भांडू नका, उत्तम लेखी हरकत लिहा. ती फाइलमध्ये तितकीच मोजली जाते.

## २. अहवाल: कुठून उघडायचा

प्रकल्पाचा मसुदा ईआयए अहवाल, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास, कलेक्टर कचेरी, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि जीपीसीबीच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. सोबत जास्तीत जास्त दहा पानांचा सारांश असतो, गुजरातीत आणि इंग्रजीत. बहुतेक जण सारांशावर भागवतात, आणि इथेच घोळ होतो, कारण सारांशात सगळं गोड असतं. आकडे मूळ अहवालात असतात.

मूळ अहवाल काही शे पानांचा. सगळा वाचायची गरज नाही. आरोग्याच्या मुद्द्यासाठी या क्रमाने जा:

प्रकरण ३, म्हणजे सध्याची हवा-पाणी-जमीन. इथे साधारण १० किलोमीटरच्या परिघातली, पावसाळा सोडून एका ऋतूतली मोजणी असते. मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, ठिकाणं कोणती, तुमचं गाव त्यात आहे का, हे आधी बघा.

मग प्रकरण ४, म्हणजे प्रकल्पामुळे होणारी वाढ. इथल्या एका तक्त्यात आताची पातळी, कारखान्याची भर आणि बेरीज असे तीन रकाने असतात. समजा हवेतली धूळ, पीएम १०, आताच ९६ आहे. २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. अहवालात 'मर्यादेत' असं लिहिलेलं असेल आणि ते खोटंही नाही. पण शिल्लक उरले फक्त ४, आणि तक्त्यात भर २.५ ची दाखवली असेल तर गावाच्या वाट्याला दीड मायक्रोग्रॅमची मोकळीक राहते. शेजारी आणखी दोन कारखाने येणार असतील तर त्यांची भर या बेरजेत धरली आहे का? हा प्रश्न 'आमच्या मुलांचं काय होणार' यापेक्षा दहापट जड आहे.

तिसरी जागा वाऱ्याची आकृती. मोजणी हिवाळ्यात झाली असेल तर आकृतीत हिवाळ्यातलाच वारा दिसेल. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे धूर ईशान्येच्या गावांकडे जातो. ईशान्येला मोजणीचं ठिकाणच नसेल तर तुमचा मुद्दा तयार झाला.

शेवटी प्रकरण ७ मधला धोक्याचा अभ्यास आणि प्रकरण १० मधलं व्यवस्थापन. गळती झाली तर भोंगा किती अंतरावर ऐकू येईल, जवळचं रुग्णालय कोणतं धरलं आहे, तिथे भाजलेल्या किंवा वायू लागलेल्या रुग्णांची सोय आहे का, हे पाहा. बऱ्याचदा तिथे नुसतं 'नजीकचं आरोग्य केंद्र' असं लिहिलेलं असतं.

क्षमतावाढीचा प्रकल्प असेल तर आणखी एक कागद मागा: जुन्या मंजुरीच्या अटी पाळल्याचा, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवाल. परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाच्या नावाने शोधलं की बरेच कागद मिळतात.

तपासा: दर मुद्द्यापुढे पान क्रमांक आणि तक्ता क्रमांक लिहिला का? नसेल तर तो मुद्दा अजून अर्धाच आहे.

## ३. आरोग्याचा पुरावा

सगळ्यांत जास्त गफलत इथे होते. कारखाना अजून उभाच नाही, आणि माणूस सांगतो, 'या कारखान्यामुळे गावात कॅन्सर वाढलाय.' कंपनीचा माणूस शांतपणे म्हणतो, आमचं तर अजून बांधकामच नाही. मंडपात हशा पिकतो आणि मुद्दा तिथेच संपतो. नव्या प्रकल्पासमोर आजचे आजार वेगळ्या कामी येतात: इथली हवा, पाणी आणि दवाखाना यांच्यावर आधीच किती भार आहे आणि अहवालाने तो मोजला का, हे दाखवायला.

पाण्याची तपासणी. पंप पाच मिनिटं चालू ठेवून मगच नमुना घ्या. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅनमध्ये २ लिटर. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा, तिच्या तोंडाला बोट लागू देऊ नका, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर तारीख, वेळ, कोणाची बोअर, किती खोल हे लिहा. शीतपेयाची रिकामी बाटली विसळून भरलेला नमुना कोणीही सहज उडवून लावतो. प्रयोगशाळा एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेची घ्या. आकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी, आयएस १०५०० शी, ताडून पाहा: विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड १, फार तर १.५.

आजारांची मोजदाद. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या तीन वर्षांत श्वसनाचे किती रुग्ण आले, डॉक्टरांची किती पदं भरलेली आहेत, रुग्णवाहिका आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज नोटीस दिसली त्याच दिवशी टाका. उत्तर सुनावणीनंतर आलं तरी ते फुकट जात नाही. पुढे टप्पा ८ मध्ये कामी येतं.

सावध: कोणाच्याही रुग्णकागदाची नक्कल त्याला न विचारता जोडू नका. सुनावणीचं संपूर्ण चित्रीकरण होतं आणि इतिवृत्त संकेतस्थळावर जातं. शेजारच्या मुलीचं नाव आणि तिचा आजार एकदा तिथे गेला की परत घेता येत नाही. 'आमच्या वस्तीतल्या ४० घरांपैकी ११ घरांत दम्याची औषधं चालू' एवढं पुरतं, अर्थात घरं खरोखर मोजली असतील तर.

ग्रामसभेचा ठराव करून घेता आला तर उत्तम. आशा कार्यकर्तीला मात्र साक्षीला उभं करू नका. तिला त्याच यंत्रणेत नोकरी करायची आहे.

## ४. निवेदन लिहिणं

नियमात वक्त्याला मिनिटांची मर्यादा नाही, पण गर्दी झाली की अध्यक्ष आवरतं घ्यायला सांगतातच. म्हणून दोन आवृत्त्या तयार ठेवा: तीन मिनिटांची आणि एका मिनिटाची. एका माणसाने एकच मुद्दा घ्यावा. गावातून सहा जण बोलणार असतील तर आदल्या दिवशी बसून वाटणी करा: एकाने पाणी, एकाने हवा, एकाने दवाखाना, एकाने गळती. सहा जणांनी तेच बोललं की इतिवृत्तात सहांची मिळून एक ओळ होते.

क्रम असा: मी कोण आणि किती अंतरावर, अहवालातलं पान, त्यात काय चुकलं, पुरावा, मागणी, नोंदीची विनंती. आपल्याकडे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सभांची सवय. आधी सन्माननीय व्यासपीठ, मग आभार, मग प्रस्तावना. ते सगळं गाळा. नमुना पाहा, आकडे अर्थातच उदाहरणादाखल:

> माननीय अध्यक्ष, माझं नाव अमुक. माझं घर प्रस्तावित जागेपासून ईशान्येला १.८ किलोमीटरवर आहे. माझा मुद्दा हवेच्या मोजणीचा आहे. अहवालाच्या पान ८४ वरच्या तक्त्यात आठ ठिकाणं आहेत, त्यांतलं एकही ईशान्येला नाही. मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारीची आहे. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो तेव्हा धूर आमच्या प्राथमिक शाळेवरून जाईल. तिथे २१२ मुलं आहेत. माझ्या दोन मागण्या. एक, शाळेजवळ हवा मोजून ते आकडे अंतिम अहवालात घ्यावेत. दोन, मंजुरी दिलीच तर शाळेजवळ कायमची मोजणी करून दर महिन्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची अट घालावी. लेखी प्रत देत आहे. ही रजुआत इतिवृत्तात नोंदवावी.

सावकाश वाचलं तर हे मिनिट-सव्वा मिनिटात होतं. मागणी अशी हवी की मंजुरीचा प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीला ती जशीच्या तशी अट म्हणून उतरवता येईल. 'प्रदूषण होऊ देऊ नये' ही अट होत नाही. 'मंजुरीच देऊ नये' हे म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण त्याच्यामागचं कारण पान क्रमांकाने द्या आणि 'दिलीच तर' असा दुसरा भागही ठेवा. हे हार मानणं आहे असं काहींना वाटतं; आम्हाला तसं वाटत नाही.

भाषेचं काय? इतिवृत्त लिहिणारा गुजरातीत लिहितो, म्हणून बोला गुजरातीत. आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांतल्या बहुतेकांना गुजराती बोलता येतं, लिहिताना पंचाईत होते. मग देवनागरीत लिहून वाचा आणि लेखी प्रत कोणाकडून तरी गुजराती लिपीत टाइप करून घ्या. काही शब्द मात्र दगा देतात. 'तक्रार' म्हणालात तर गुजराती कानाला भांडण, वाद ऐकू येतो; तिथे 'फरियाद' किंवा 'रजूआत' म्हणा. हरकतीला 'वांधो'. 'जुलाब' म्हणजे तिकडे पोट साफ व्हायला घेतात ते औषध. आजार सांगायचा असेल तर 'झाडा'. 'गावात जुलाबाचे रुग्ण वाढले' याचा अर्थ भलताच होतो. पोच हवी असेल तर 'पहोंच' मागा, हमीला 'बांहेधरी'. आरोग्य, ठराव हे तसेच चालतात, दम्याला 'दम'. शेवटचं वाक्य पाठच करा: 'मारी आ रजूआत कार्यवाहीनी नोंधमां लेवा विनंती छे.'

## ५. लेखी प्रत आधीच द्या

सुनावणीच्या दिवसाची वाट न पाहता चार-पाच दिवस आधी निवेदन जीपीसीबीच्या प्रादेशिक कार्यालयात हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. एक प्रत नोटिशीतल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने. पानांना क्रमांक, जोडपत्रांची यादी पहिल्याच पानावर. शिक्का न मारता 'ठेवून जा' म्हणाले तर ठेवून येऊ नका.

## ६. सुनावणीचा दिवस

पाऊण तास आधी पोचा. सोबत निवेदनाच्या तीन प्रती (अध्यक्ष, मंडळाचा प्रतिनिधी, स्वतःसाठी), नोटिशीचा फोटो, अहवालाच्या संबंधित पानांच्या झेरॉक्स, ओळखपत्र, पाणी आणि पेन.

दारात हजेरीपत्रक असतं. सही करण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते वाचा. 'उपस्थिती' असं असेल तर ठीक. मथळा नसेल, किंवा पानावर 'संमती', 'समर्थन' असा शब्द असेल, तर सही करू नका आणि अधिकाऱ्याला दाखवा.

व्यासपीठावर कलेक्टर किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात; प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा चालत नाही. आपल्याकडे बहुधा अधिक कलेक्टर येतात. सोबत जीपीसीबीचा अधिकारी. सुरू करायला कोरमची अट नाही, त्यामुळे 'लोकच नाहीत, सुरू होणार नाही' या भरवशावर उशिरा जाऊ नका, आणि बहिष्काराने सुनावणी थांबते असंही समजू नका.

आधी कंपनीचं सादरीकरण होतं. ऐकताना अहवालाशी न जुळणारा आकडा आला तर टिपा. बायकांना माइक शेवटी मिळतो, किंवा मिळतच नाही. ज्या बोलणार आहेत त्यांची नावं सुरुवातीलाच अध्यक्षांकडे द्या.

बोलताना तोंड अध्यक्षांकडे ठेवा, कंपनीकडे नको. 'सर्व नियम पाळू' असं उत्तर आलं तर एकच उपप्रश्न: 'कोणती मर्यादा, किती आकडा, कोणत्या तारखेपासून?' उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर दिलं नाही, हे नोंदवावं' म्हणून खाली बसा.

सावध: घोषणा, सभात्याग, खुर्च्या फेकणं. बाहेर पडलेल्यांचं म्हणणं नोंदवायला कोणी मागे धावत नाही. नोकऱ्या आणि जमिनीच्या भावावरून मंडप पेटला तर आरोग्याचा मुद्दा आधी मांडून मोकळे व्हा.

## ७. इतिवृत्त वाचून होईपर्यंत उठू नका

जेवणाची वेळ होते, बस चुकेल म्हणून मंडप रिकामा होतो, आणि नेमकं तेव्हाच नियमातलं सर्वांत मोलाचं काम चालतं. मंडळाच्या प्रतिनिधीने सर्व मतांचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्ष त्याच दिवशी सही करतात.

प्रत्येक मुद्द्याला एक माणूस याप्रमाणे किमान सहा जण थांबा. आपापलं वाक्य ऐका. 'प्रदूषणाबाबत रजुआत' एवढंच आलं तर हात वर करा: 'पान ८४, ईशान्येला मोजणी नाही, आणि अटीची मागणी, हे राहिलं.' ते लिहिलं जाईपर्यंत उभे राहा. वाचनच झालं नाही तर तशी हरकत जागेवर लिहून, सह्या करून मंडळाच्या प्रतिनिधीला द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

## ८. पुढचे आठवडे

सुनावणी झाल्यापासून आठ दिवसांत मंडळाने सुनावणीची कार्यवाही, म्हणजे इतिवृत्तासकट सगळी नोंद, मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवायची असते. ती ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, कलेक्टर कचेरी आणि जीपीसीबीच्या संकेतस्थळावर लागते. मिळवा, स्वतःच्या प्रतीशी ताडा. गळालेलं काही दिसलं तर त्या यंत्रणेला आणि कंपनीला थेट लिहिता येतं. दवाखान्याची माहिती अधिकारातली उत्तरं आता जोडा. चित्रीकरणाची प्रतही माहितीच्या अधिकारात मागा.

मग कंपनी अंतिम अहवाल देते. त्यात लोकांचे मुद्दे आणि कंपनीची उत्तरं असा तक्ता असतो. उत्तरासमोर रक्कम आणि मुदत नसेल तर तज्ज्ञ समितीला नेमकं तेच एका पानात कळवा, समितीच्या बैठकीआधी. बैठकीची विषयपत्रिका परिवेशवर दिसते, दर आठवड्याला पाहत राहा.

मंजुरी मिळालीच आणि ती पटली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. गुजरातचं खंडपीठ पुण्याला. वकिलाकडे जाताना शिक्क्याची प्रत, इतिवृत्त आणि नोटिशीचा फोटो बरोबर न्या.

अपील करायचं नसेल तरी मंजुरीपत्र उतरवून घ्या आणि तुमची मागणी कोणत्या अट क्रमांकावर आली ते शोधा. कंपनीने अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्या दोन तारखांना तोच क्रमांक उघडून पाहायचा: शाळेजवळचे आकडे आहेत का, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले का.